करंगळीची तक्रार

‘त्याच्या’ हा शब्द इनस्क्रिप्ट मांडणीच्या देवनागरी कीबोर्डवर एकदा सावकाश टाइप करून बघा. त, पाय मोडायचं चिन्ह, य, काना, मग च, पुन्हा पाय मोडायचा, पुन्हा य, पुन्हा काना. एकूण ८ ठोके. त्यातले ४ डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे, एक उजव्या अनामिकेचा आणि उरलेले ३ उजव्या करंगळीचे. आता मराठीचं कुठलंही पान उघडा आणि ‘च्या’ मोजा.

मी मोजले नव्हते. मी अनुवाद करते, म्हणजे दिवसाला दोन-अडीच हजार शब्द टाइप करते, आणि तेही बहुतेक अर्ज, नियमावल्या, माहितीपत्रकं असलं. त्या भाषेत ‘च्या’ची रेलचेल असते: ‘अर्जदाराच्या वडिलांच्या नावाच्या’. गेल्या पावसाळ्यात उजव्या करंगळीपासून मनगटाच्या बाहेरच्या कडेपर्यंत एक कळ यायला लागली. आधी वाटलं पोळ्या लाटून होत असेल. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “टायपिंगचं काम आहे का?” मी हो म्हटल्यावर म्हणाले, “कमी करा.” घरी येऊन ‘कमी करा’वर विचार करत बसले. काम कमी करणं परवडणार नव्हतं. राहता राहिली करंगळी.

इनस्क्रिप्टबद्दल माझी तक्रार नाही, आधीच सांगते. मांडणी म्हणून ती फार शहाणी आहे. भारतीय मानक ब्युरोनं १९९१ साली तिला मानक म्हणून मान्यता दिली. आपल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, हे त्यामागचं सूत्र, म्हणून मराठीवाल्याचा क जिथे, तिथेच गुजरातीवाल्याचा आणि मल्याळमवाल्याचाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ख ला फक्त शिफ्ट. व्यंजन उजवीकडून आणि मात्रा डावीकडून, असे दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. टिपरी खेळावी तसं. पण व्यंजनं पडली जास्त. म, न, व डावीकडे खाली सरकवले तरी उजवीकडे गर्दी झालीच, आणि गर्दीत जे बाहेर ढकलले गेले ते सगळे करंगळीच्या पदरात पडले: ज, ड, च, ट, य आणि शिफ्ट घेऊन त्यांची भावंडं झ, ढ, छ, ठ. शिवाय ॉ, ृ आणि विसर्ग. शिवाय एंटर, बॅकस्पेस आणि उजवी शिफ्ट. घरातल्या धाकट्या सुनेसारखं, ‘जरा एवढं बघ गं’ म्हणत सगळं तिच्याच अंगावर.

आणि अंगठे? हातातलं सगळ्यात दणकट बोट. दोघांत मिळून एक स्पेसबार.

हे माझ्या लक्षात आणून दिलं भाच्यानं. तो इथेच इंदुरात इंजिनिअरिंग करतो, आणि आमच्या राजेंद्रनगरच्या घरी रविवारी जेवायला येतो तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कीबोर्डचे दोन तुकडे घेऊन येतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं तुटलाय. “तुटला नाही मावशी, स्प्लिट आहे. अपन दोन हात खांद्याएवढे लांब ठेवू शकतो ना.” त्याचा तो ‘कॉर्न’ नावाचा. दोन्ही तुकडे मिळून ४२ बटणं: प्रत्येक हाताला ३ ओळी, ६ उभे रकाने आणि अंगठ्याला ३. बटणं आडव्या ओळीत सरकलेली नाहीत. उभ्या रकान्यात आहेत, आणि रकाने बोटांच्या लांबीप्रमाणे वरखाली. मधल्या बोटाचा वर, करंगळीचा खाली.

त्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा जाणवलं की नेहमीच्या कीबोर्डच्या ओळी तिरक्या का सरकलेल्या असतात, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. उत्तर आमच्याच माळ्यावर होतं. बाबा टायपिस्ट होते. कचेरीतल्या जुन्या मशिनी लिलावात निघाल्या तेव्हा त्यांनी एक हिंदी रेमिंग्टन घरी आणलं होतं. ते खाली काढलं, आडवं केलं आणि पोटात पाहिलं. प्रत्येक बटणाखालून एक लांब पट्टी मागे जाते. चार ओळींच्या पट्ट्या एकमेकींना न घासता मागे जायच्या, तर वरच्या ओळीची पट्टी खालच्या दोन बटणांच्या फटीतूनच जायला हवी. म्हणून ओळी सरकवलेल्या. १८७४ साली बाजारात आलेल्या त्या पहिल्या रेमिंग्टन टाइपरायटरपासून हे चालत आलंय. पट्ट्या जाऊन जमाना झाला, ओळी अजून त्यांना वाट देतायत.

बाबा मशीन बघून खुशीत आले. रेमिंग्टनवर ण, श, ध, भ यांची नुसती अर्धी अक्षरं असतात. काना ठोकला की ती पुरी होतात. “आणि शिफ्ट म्हणजे काय खेळ वाटला? करंगळीनं मशीनचं धूड हलवायचं!” मग त्यांनी आपली करंगळी दाखवली. पहिल्या पेराशी थोडी वाकलेली आहे. इतकी वर्षं पाहत आले, कारण आज कळलं.

तर माझ्यासाठीही असाच दोन तुकड्यांचा कीबोर्ड घरी करायचा हे ठरलं. कुठला, यावर मात्र भाच्याचं आणि माझं वाजलं.

या स्वतः बनवायच्या कीबोर्डवाल्या मंडळींत एक चढाओढ आहे: बटणं कमी करायची. ५८ वरून ४२, ४२ वरून ३६, मग ३४. कुठल्याही बोटानं एका घरापलीकडे जायचं नाही, उरलेलं सगळं लेअरवर, म्हणजे एक बटण दाबून धरलं की बाकीच्यांचे अर्थ बदलतात. भाचा ते असं सांगतो की बटणं जितकी कमी तितका माणूस वर पोचलेला. ऐकायला वैराग्यासारखं वाटतं. पण मी त्याच्या ४२ बटणांवर मराठी चालू केली आणि ‘डॉक्टर’ लिहायला गेले, तर ड च नाही! इनस्क्रिप्टचा ड असतो पी च्या उजवीकडे, चौकटी कंसाच्या बटणावर. त्याच्या कीबोर्डवर तिथे बॅकस्पेस. कंस गेला लेअरवर, तर ड ही गेला लेअरवर. ॉ उलट्या तिरप्या रेघेच्या (\) बटणावर असतो, तोही लेअरवर. म्हणजे ‘डॉ’ एवढं लिहायला दोनदा तळघरात उतरायचं. वरच्या आकड्यांच्या ओळीवर शिफ्ट घेऊन आपले ज्ञ, क्ष, त्र, श्र असतात. ती ओळच नाही.

“मग अपन फोनेटिक वापरू ना मावशी, रोमनमध्ये लिहायचं, आपोआप मराठी होतं.”

माझं म्हणणं अगदी सरळ आहे, आणि अजूनही तेच आहे: कमी बटणं त्यांना पुरतात ज्यांना २६ अक्षरं पुरतात. कॉर्न काय किंवा मी पुढे निवडलेला ‘लिली५८’ काय, दोन्हींचे जनक जपानी. जपानी लिपीत हजारो अक्षरं, पण तिथेही बहुतेक लोक रोमन अक्षरांत टाइप करतात आणि संगणक ते जपानीत बदलून देतो. बोटांखाली शेवटी २६ च. मला ते नको होतं. मला ळ दाबला की ळ हवा, ‘एल’ला शिफ्ट द्यायचा की दोनदा दाबायचा हे आठवत बसायचं नव्हतं. इनस्क्रिप्टवर तो ल च्याच बटणावर आहे, शिफ्ट घेऊन. किती रास्त जागा!

म्हणून लिली. ५८ बटणं, प्रत्येक हाताला २९. आकड्यांची ओळ शाबूत, अंगठ्याला ४-४ बटणं, आणि मला जी भावली ती एक जास्तीची गोष्ट: दोन्ही तुकड्यांच्या आतल्या कडेला, तर्जनीच्या टप्प्यात, एकेक सुटं बटण. मूळ मांडणीत तिथेच चौकटी कंस आहेत, डाव्या तुकड्यावर उघडणारा आणि उजव्यावर मिटणारा. म्हणजे ड ला घर होतं, फक्त चुकीच्या हाताला. दुसराही एक ५८ बटणांचा ‘सोफल’ म्हणून प्रसिद्ध आहे, त्याला दोन्हीकडे गोल फिरवायची खुंटी असते, आवाज कमीजास्त करायला. छान दिसते. पण खुंटीवर ड बसत नाही.

इथे कोणी म्हणेल, पी च्या शेजारी लिलीवरही एक जागा असतेच, ड तिथेच ठेवायचा. असते. पण तीही करंगळीचीच. मी एक नियम केला होता: करंगळीला नवं काम द्यायचं नाही, जुनं काढायचं.

ही सगळी मांडणी खुली असते, हा खरा आनंद. सर्किट बोर्डाची फाइल नेटवर ठेवलेली, परवाना इतका सैल की ती उतरवा, बदला, छापून घ्या. बोर्ड छापून देणारे कारखाने कमीत कमी ५ नग घ्यायला लावतात. लागतात २, कारण डावा-उजवा बोर्ड एकच. एक सुलट धरायचा, एक उलट. उरलेल्या ३ चं काय करायचं म्हणून मी भाच्याशी हुज्जत घातली होती. ती हुज्जत लवकरच मागे घ्यावी लागली.

बाकीच्या वस्तूंसाठी महाराणी रोडवर गेले. दुकानदारानं विचारलं, “कैया कितने वॉट का?” कैया म्हणजे सोल्डरिंग आयर्न, डाख द्यायचं. मी कीबोर्डासाठी म्हटल्यावर त्यानं मला नवा तयार कीबोर्ड दाखवला, आणि किंमतही सांगितली. ती माझ्या डायोड-बोर्ड-स्विच मिळून झालेल्या खर्चापुढे इतकी किरकोळ होती की मी घाईनं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक शेवेएवढी सोल्डरची तार आणि फ्लक्सची डबी घेऊन बाहेर पडले.

डायोड म्हणजे तांदळाच्या कणीएवढे काळे चौकोन. प्रत्येक बटणाला एक. २९ बटणांना २९ वायरी ओढण्याऐवजी ५ आडव्या आणि ६ उभ्या अशा ११ रेषांची जाळी करतात, आणि जिथे रेषा छेदतात तिथे बटण. पण जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकाच वेळी दाबली की वीज भलत्याच वाटेनं मागे फिरते, आणि न दाबलेलं चौथं अक्षर उमटतं. कीबोर्डवाले त्याला भूतच म्हणतात. डायोड विजेला एकाच दिशेनं जाऊ देतो, तेवढं भूत गाडायला पुरतं. त्याच्या एका टोकाला केसाएवढी पांढरी रेघ असते, ती बोर्डावरच्या खुणेशी जुळवायची. बाबांचा भिंगाचा चष्मा, चिमटा, श्वास रोखलेला. एका पॅडवर सोल्डरचा थेंब, तो पुन्हा वितळवून त्यात डायोड सरकवायचा, मग दुसरं टोक. पहिले पाच ओबडधोबड झाले, दहाव्यापासून हात बसला. एक बोर्ड रात्री अकराला संपला. जोशात दुसराही घेतला. राळेचा वास घरभर, आई मधूनमधून ‘झोपायचं नाही का’ विचारून गेली. पावणेदोनला दुसराही पुरा.

सकाळी दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले. दोन्ही डावे.

दुसरा उलटा धरायचा असतो हे मी भाच्याला तोंडपाठ सांगू शकले असते. हातांनी मात्र पहिल्याची नक्कल केली होती. एरवी एखादं काम सोपं असलं की आपण ‘डाव्या हातचा मळ’ म्हणतो. माझ्या टेबलावर दोन डावे हात होते आणि एकही काम सोपं नव्हतं. २९ डायोड तांब्याच्या जाळीनं सोल्डर शोषून काढावेत की काय, असा विचार करत होते, तेवढ्यात बाबांनी पाकिटातला तिसरा बोर्ड पुढे सरकवला. “पाच घ्यायला लावतात ते उगाच नाही.” डायोडची १०० ची पट्टी घेतली होती. ८७ लागले.

पुढचं बरंच सरळ झालं. स्विच खटक्याचे घेतले, म्हणजे अर्ध्यावर बोटाला ठेच लागते पण टकटक आवाज होत नाही. दुपारी त्याच खोलीत बाबा झोपतात, त्यामुळे आवाजाच्या स्विचवर वाद झालाच नाही. दोन तुकडे जोडणारी वायर इअरफोनसारखीच दिसते, पण पिनेवर चार कडी असतात, आणि चालू असताना ती ओढायची नाही. पिन सरकताना शॉर्ट होतो. हे मी कागदावर लिहून टेबलाला चिकटवलंय, कारण आई पुसायला आली की आधी वायरी काढते.

मग आला तो भाग ज्यासाठी एवढा खटाटोप. कीबोर्डाच्या मेंदूत ३२ किलोबाइट जागा, त्यात क्यूएमके नावाचं खुलं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा आतला प्रोग्राम. त्याची एक फाइल असते, तिच्यात कुठल्या बटणानं काय पाठवायचं ते लिहायचं. मी आधी शोधत बसले की त्यात मराठी कशी घालतात. मग उमगलं की कीबोर्ड ड पाठवतच नाही. तो ४७ पाठवतो. यूएसबीच्या कोष्टकात उघडत्या चौकटी कंसाचा तो क्रमांक आहे. ४७ म्हणजे कंस की ड, हे संगणक ठरवतो, त्या क्षणी कुठली भाषा चालू आहे ते पाहून. म्हणजे मला मराठी शिकवायची नव्हतीच, फक्त ४७ ला उचलून उजव्या तर्जनीखाली आणायचं होतं. एक शब्द बदलला, फाइल बोर्डात उतरवली, आतल्या कडेचं ते बटण दाबलं. ड. कागदावर पहिल्यांदा अक्षर गिरवल्यावर मुलं जशी बघतात तसं मी त्या ड कडे पाहिलं असेन, पण बघायला कोणी नव्हतं.

मिटता कंस म्हणजे नुक्ता. आपल्याला तो लागतो कुठे, तो गेला डावीकडे. शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस अंगठ्यांना. आणि य? त्याची कल्पना माझी नाही. ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट नावाच्या बाई टायपिस्टांना शिकवायच्या. त्यांनी १९७० च्या दशकात स्टीफन हॉबडे या इंजिनिअरबरोबर ‘माल्ट्रॉन’ कीबोर्ड केला, बोटांच्या लांबीप्रमाणे खोलगट, हात सुटे, आणि इंग्रजीतलं सगळ्यात जास्त येणारं अक्षर ई त्यांनी चक्क अंगठ्याला दिलं. टायपिस्टांचे हात बघणाऱ्या बाईलाच हे सुचणार. मी त्यांच्याकडून उसनं घेतलं आणि य ला उजव्या अंगठ्याखाली बसवलं. आता ‘च्या’ असा होतो: करंगळी एकदा च वर, डावं मधलं बोट, मग अंगठा, मग पुन्हा मधलं बोट. इंग्रजी लिहिताना अंगठ्याखाली य च्या बटणाची तिरपी रेघ (/) येते, ती येवो.

पहिला आठवडा वाईट गेला. दोन हजार शब्दांची मी सहाशेवर आले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळखणाऱ्या माणसाला कोणी हार्मोनियम उलटी करून द्यावी तशी गत. आधी य च्या जुन्या जागी बोट जायचं, मग आठवायचं, मग अंगठ्यानं दोनदा य. ‘त्य्याच्य्या’. एका मुदतीच्या कामासाठी जुना कीबोर्ड गुपचूप काढला, ते भाच्यानं फोनवर आवाजावरून ओळखलं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चहा घेताना लक्षात आलं की सकाळपासून मी बोटांकडे पाहिलंच नाही. कळ कमी आहे. पण मी आता दर तासाला उठतेही, तेव्हा श्रेय कोणाचं ते सांगता येणार नाही.

राहिला ॉ. ऑफिस, कॉलेज, डॉक्टर, फॉर्म; अर्जांच्या भाषेत तो सारखा येतो, आणि करंगळीला द्यायचा नाही हा नियम. क्यूएमकेत कॉम्बो नावाची सोय आहे: दोन शेजारची बटणं ५० मिलिसेकंदांच्या आत दाबली तर ती तिसरंच अक्षर मानतात. मी ग आणि द निवडले. मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही मजबूत, शेजारी शेजारी. दोन दिवस फार कौतुक वाटलं. मग एक नियमावली पाठवायच्या आधी सहज वाचली, तर जिथे जिथे ‘कागदपत्रे’ हवं होतं तिथे का, मग टिंबांच्या वर्तुळावर अधांतरी बसलेला ॉ, मग पत्रे. ग आणि द, एकामागून एक, भरभर. माझ्या अख्ख्या धंद्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द, आणि मी नेमका त्याच्याच पोटात सुरुंग पेरला होता.

मग कॉम्बो एक घर उजवीकडे सरकवला. द आणि ज. खरं तर यात ज करंगळीचा, म्हणजे नियम मोडलाच, पण निम्मा. मी रात्री बाबांना विजयानं सांगितलं की मराठीत द ला लागून ज येणारा शब्द मला तरी आठवत नाही. बाबा शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी वर न बघता ‘हं’ केलं.

सकाळी पोह्यांची बशी घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. “शब्दजंजाळ,” म्हणाले.

मी म्हटलं, “बाबा, हा शब्द माझ्या अर्जांमध्ये येत नाही.”

“बरं. मग प्रमोदजी? शरदजी? आनंदजी?” त्यांनी पोह्यांवर शेव भुरभुरवली. “इंदुरात जन्म काढलास आणि द पुढे ज येत नाही म्हणतेस?”